कशाचे डॉक्टर ?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या ९ तारखेस केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानें असें पत्र काढलें कीं, फिजिओथेरपिस्ट मंडळींनीं आपल्या नांवाआधीं ‘डॉक्टर’ ही उपाधि लावूं नये; आणि दुसऱ्याच दिवशीं, पत्राची शाई वाळते न वाळते तोंच, तें मागें घेतलें. त्याच महिन्याच्या १८ तारखेस महाराष्ट्रांतील ॲलोपथीच्या डॉक्टरांनीं एक दिवसाचा संप केला. कारण एक वर्षाचा औषधविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपथीच्या पदवीधरांचीं नांवें महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत घालण्याचें सरकारनें ठरविलें होतें. वर वर पाहतां हीं दोन भांडणें निराळीं; पण दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच, कीं ‘डॉक्टर’ हा शब्द कोणाच्या मालकीचा? दोन्ही प्रकरणांत सर्व पक्षांनीं आपापली बाजू मोठ्या हिरिरीनें मांडली. ज्यानें वाचावा म्हणून हा शब्द पाटीवर लिहिलेला असतो, त्या रोग्याला मात्र साक्षीस कोणीं बोलाविलें नाहीं. या लेखांत मला त्याचीच बाजू मांडावयाची आहे.

आधीं मालकीचा दावा तपासून पाहूं. हा शब्द लॅटिन असून शिकविणें या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. डॉक्टर म्हणजे शिकविणारा, आपल्याकडील ‘आचार्य’. बोलोन्या, पॅरिस येथील जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांच्या आचार्यांस ही संज्ञा होती. इंग्लंडांतील शल्यवैद्य तर आजही साधें ‘मिस्टर’ म्हणवून घेण्यांतच भूषण मानतो. आपल्याकडे १८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें व १८५१ सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. तींत भाऊ दाजी लाड होते. या मंडळींस कॉलेजानें दिलेला किताब ‘ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर’ एवढाच होता. भाऊ दाजींना डॉक्टर केलें तें मुंबईच्या लोकांनीं. आजची एम्. बी. बी. एस्. ही पदवी म्हणजे तरी काय? दोन ‘बॅचलर’ पदव्यांची जोडगोळी. तींत डॉक्टर हें अक्षर शोधूनही सांपडणार नाहीं. उलट, श्रीधर व्यंकटेश केतकर १९११ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे, आणि बाबासाहेब आंबेडकर १९२३ सालीं लंडनचे व १९२७ सालीं कोलंबियाचे डॉक्टर झाले. या दोघांनीं कोणाची नाडी पाहिली नाहीं, आणि तरीही शब्दाच्या मूळ अर्थानें डॉक्टर ते हेच. तेव्हां ‘ही उपाधि आमची वडिलोपार्जित’ असें जेव्हां वैद्यक व्यवसायाचे पुढारी म्हणतात, तेव्हां तें इतिहासाला धरून नाहीं. वहिवाटीनें मात्र ती त्यांची झाली आहे. कसेल त्याची जमीन या न्यायानें मी ती त्यांच्या नांवें मान्य करतों. फक्त सातबाऱ्यावर त्यांचें एकट्याचें नांव नाहीं, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पण व्युत्पत्तीनें हा वाद मिटत नाहीं. कोशांतला अर्थ पुण्याच्या वाचनालयांत कामाला येतो. तापानें फणफणलेलें मूल खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाला तो काय करावयाचा? शिरूर तालुक्यांतील केंदूर हें गांव घ्या. संत कान्हूराज पाठकांचें हें गांव. पावसाची नेहमींचीच ओढ असलेल्या कोरड्या टापूंतलें. शेजारींच पाबळ आहे. तेथें १९८३ सालीं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेंत अन्नतंत्रविद्येची डॉक्टरेट मिळविलेला हा शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीचें संशोधनकार्य सोडून या खेड्यांत आला आणि २००३ सालीं मृत्यु येईपर्यंत शाळेंत न रमलेल्या पोरांना हातानें काम करीत शिकावयास लावीत राहिला. लॅटिन अर्थाचा डॉक्टर या टापूंत कोणी झाला असेल तर तो हाच. त्यांच्या नांवाआधींच्या दोन अक्षरांनीं कोणाची फसवणूक झाली नाहीं, कारण ते औषध देत नव्हते. शब्द एकच असला तरी तो कोठें उच्चारला जातो यावर त्याचें निरुपद्रवीपण अवलंबून असतें.

आमच्या खेड्यांतील मराठीला ही गोष्ट विद्वानांच्या आधींपासून ठाऊक आहे. ती भाषा नुसतें ‘डॉक्टर’ म्हणून थांबत नाहीं. दातांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, गुरांचे डॉक्टर: षष्ठीचा प्रत्यय लावल्याशिवाय तिचें समाधान होत नाहीं. लग्नाच्या मांडवांत एखाद्या पाहुण्याची ‘हे डॉक्टर’ म्हणून ओळख करून द्यावी, तों पलीकडचे म्हातारबुवा विचारतात, “कशाचे डॉक्टर?” पाहुणे तत्त्वज्ञानाचे डॉक्टर निघाले कीं म्हातारबुवा गुडघ्याचें दुखणें सांगावयाचें राहूं देतात. कोणाचा अपमान होत नाहीं, कोणाचें नुकसान होत नाहीं. सारा घोटाळा होतो तो हा प्रश्न जेथें विचारतां येत नाहीं तेथें, म्हणजे दवाखान्याच्या पायरीवर. पाटीवर ठळक ‘डॉ.’ असतें, त्यापुढें नांव, आणि नांवाच्या शेपटाला बारीक रोमन अक्षरांची एक ओळ. ती ओळ हेंच काय तें कायद्यानें रोग्याला दिलेलें संरक्षण. पदवीधर मंडळींनाही तीं सर्व अक्षरें उलगडतील अशी पैज मी लावणार नाहीं.

यानें काय होतें तें पाहावयाचें असेल तर खेड्यांत जाण्याचीही गरज नाहीं. १९९२ च्या जुलै महिन्यांत मुंबईंतील एका गृहस्थास ताप आला. तो ज्यांच्याकडे गेला ते रीतसर नोंदलेले होमिओपथीचे पदविकाधारक होते. त्यांनीं आधीं साथीचा ताप समजून व मग विषमज्वर समजून ॲलोपथीचीं औषधें दिलीं. रक्तलघवीची तपासणी करून निदान पक्कें करून घेतलें नाहीं. महिन्याच्या मध्याला रोगी बेशुद्धावस्थेंत मोठ्या रुग्णालयांत पोंचला आणि कांहीं तासांतच गेला. त्याच्या विधवेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगानें फेटाळली; पण १० मे १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिला तीन लाख रुपये भरपाई देवविली. न्यायालयानें होमिओपथीला नांवें ठेविलीं नाहींत. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या पद्धतीचें ज्ञान नाहीं तिच्यांत शिरून उपचार करणारा मनुष्य, त्याच्याजवळ दुसऱ्या पद्धतीची कितीही खरी पदवी असो, त्यापुरता भोंदू वैद्यच होय. हा निकाल होऊन कित्येक वर्षें लोटलीं. निकालपत्रांतला हा भेद पाटीवर अद्यापि उतरलेला नाहीं.

कायदे नाहींत असें नाहीं. १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत वैद्यक परिषदेचा कायदा झाला. १९१६ सालीं वैद्यकीय पदव्यांचा अखिल भारतीय कायदा झाला. पाश्चात्त्य वैद्यकाची खोटी पदवी लावणाऱ्यास त्यानें पहिल्या गुन्ह्याबद्दल अडीचशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. १९३८ सालीं देशी वैद्यकाच्या चिकित्सकांची नोंदवही निघाली. या साऱ्या कायद्यांनीं पदव्यांना कुंपण घातलें, नोंदवह्यांना कुलूप लावलें. ‘डॉक्टर’ हा शब्द मात्र गायरानासारखा मोकळा राहिला. २०२३ च्या ऑगस्टमध्यें राष्ट्रीय वैद्यक आयोगानें आपल्या नोंदणीकृत मंडळींसाठीं ‘मेड. डॉ.’ अशी एक नवीच उपाधि काढून पाहिली. तीन आठवड्यांच्या आंत ते नियमच स्थगित झाले. तें बरेंच झालें म्हणावयाचें. ज्याला मूळची रोमन अक्षरें कळत नाहींत त्याच्यापुढें आणखी तीन टाकून काय साधणार होतें?

याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खेड्यापाड्यांत एम्. बी. बी. एस्. झालेला मनुष्य राहावयास तयार नसतो. रात्रीं-अपरात्रीं दार उघडतो तो आयुर्वेदाचा किंवा होमिओपथीचा पदवीधरच. त्याची उपाधि काढून घेऊन तुम्ही गांवकऱ्यांना काय देणार? २०१४ सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त करून त्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला वाट करून दिली ती याच युक्तिवादावर. यांतलें पहिलें विधान खरें आहे. संप करणाऱ्यांनीं त्याचें उत्तर कधीं दिलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. मुंबई-पुण्यांत राहून केंदूरच्या रोग्याची काळजी वाहणें फार सोपें असतें. पण या युक्तिवादांतून निष्पन्न होतें तें एवढेंच कीं, या मंडळींना काम करूं द्यावें. त्यांचें शिक्षण कोणतें हें झांकून ठेवावें, असें त्यांतून कसें निघतें? एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरेसा असेल तर तो मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहावा, त्यांत लाज कसली? आणि पुरेसा नसेल तर तो लिहिण्याची गरज अधिकच आहे. गरजवंताला अक्कल नसते असें आपण म्हणतों खरें. पण म्हणून त्याला माहितीही देऊं नये, हा न्याय नव्हे.

मला खरा खेद वाटतो तो आयुर्वेदवाल्यांचा. शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं १९०७ सालीं आयुर्वेदाची अखिल भारतीय सभा उभारली, गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं त्या वेळच्या अहमदनगरांत आयुर्वेदाचें विद्यालय काढलें. शास्त्री आणि वैद्य या शब्दांवांचून या पुरुषांना कोणत्याही उपाधीची उणीव भासली नाहीं. त्यांच्याच शास्त्राची पदवी घेतलेला आजचा तरुण ‘वैद्य’ म्हटलें तर खट्टू होतो. ज्या शास्त्राचे उपासकच त्याचें नांव पाटीवर लावावयास कचरतात, त्याचा अभिमान सभेंत कितीही सांगितला तरी तो कोणाला पटावा? फिजिओथेरपिस्टांचेंही तेंच. लुळा पडलेला हात हलता करणें ही विद्या थोर आहे. तिला उसन्या पिसाची गरज नाहीं. आधीं ‘डॉ.’ आणि नांवानंतर ‘पी. टी.’ अशी जी तडजोड सुचविली आहे, तिचें पहिलें अक्षर रोग्यासाठीं आणि शेवटचें न्यायाधीशासाठीं आहे.

आणि आम्ही प्राध्यापक? प्रस्तुत लेखक नुसता एम्. ए. असल्यामुळें या बाबतींत मोकळेपणानें बोलूं शकतो. ‘प्रा. डॉ.’ हें दुहेरी भूषण लग्नपत्रिकांतून आणि सत्काराच्या फलकांतून मिरवावयाची जी चाल महाराष्ट्रांत पडली आहे, ती हास्यास्पद आहे. पैसे भरून आणलेल्या मानद डॉक्टरेटी तर हास्याच्याही पलीकडच्या. घटनेच्या अठराव्या कलमानें राज्यसंस्थेला किताब वांटण्याची बंदी केली, आणि पद्म-पुरस्कारसुद्धां नांवाला उपाधीसारखे जोडूं नयेत असें १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. मग कुठल्याशा अज्ञात विद्यापीठाचें कागदी डॉक्टरपण नांवापुढें मिरविण्याचा हक्क कोठून येतो? तरीही मी या रोगाची गणना दुखऱ्या रोगांत करणार नाहीं. त्यानें सभागृहांत हंसें होतें. कोणी दगावत नाहीं. सरकारचें बळ थोडें आहे. तें दवाखान्याच्या दारांतच खर्च व्हावें.

तेथें करावयाचें काम लहान आहे. जो कोणी रोग्याला हात लावतो, त्यानें नुसतें ‘डॉक्टर’ लिहूं नये, ॲलोपथीवाल्यानेंही नाहीं. नांवाखालीं, नांवाएवढ्याच अक्षरांत, सरळ मराठींत लिहावें: ‘ॲलोपथीचे डॉक्टर’, ‘आयुर्वेदाचे डॉक्टर’, ‘होमिओपथीचे डॉक्टर, ॲलोपथीच्या औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा’. तीच ओळ औषधाच्या चिठ्ठीवर असावी, आणि नोंदणीचा आंकडाही. २०२२ सालीं महाराष्ट्रानें असा कायदा केला कीं, दुकानांच्या पाट्या देवनागरी मराठींत असाव्यात व तीं अक्षरें दुसऱ्या लिपीच्या अक्षरांहून लहान नसावींत. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘बी. ए. एम्. एस्.’ असें देवनागरींत लिहिलेलें दिसतें तें पाहून मातृभाषेचा विजय झाला असें कोणास वाटत असेल, तर त्यानें तीं चार अक्षरें केंदूरच्या बाजारांत कोणासही वाचून दाखवावींत आणि अर्थ विचारावा.

कित्येक म्हणतील, अशी पाटी लावली तर रोगी पायरी चढणार नाहीं. तसें असेल, तर आज तो कशाच्या भरंवशावर चढतो, हें त्यांनींच सांगावें.