'पण' लिहिण्यापूर्वी

इंग्रजी निबंधात विरोध दाखवायचा म्हणजे 'बट' टाकायचा आणि भारदस्त वाटावे म्हणून अधूनमधून 'हाउएव्हर' नाहीतर 'ऑन द कॉन्ट्ररी' पेरायचे, अशी आपल्या मुलांना सवय लागली आहे. दोष मुलांचा नाही. गाइडमध्ये हे शब्द एकाच चौकटीत, जणू समानार्थी असल्यासारखे छापलेले असतात. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. तरीही या विषयावर लिहितोय, कारण या चुकांचे मूळ आणि त्यांचा उपाय दोन्ही आपल्या याच दोन भाषांत आहेत.

'जरी पाऊस होता, तरी आम्ही शाळेत गेलो.' मराठीत जरी-तरीची जोडी असते. उर्दूतही 'अगरचे' आले की मागून 'लेकिन' किंवा 'फिर भी' येते. म्हणून मूल इंग्रजीत 'ऑल्दो' लिहिले की पुढे 'बट' लिहिते. इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरतो. लाल रेघ मारण्याआधी एवढे समजावून सांगितले तर मूल ती चूक सहसा पुन्हा करत नाही.

'ऑन द अदर हँड' म्हणजे दुसरी बाजू. यात दोन्ही गोष्टी खऱ्या असतात: शहरात काम मिळते; दुसरीकडे घरभाडे परवडत नाही. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचे म्हणणे खोडून काढतो: उर्दू केवळ मुसलमानांची भाषा नाही, उलट प्रेमचंद, कृष्णचंदर, फिराक गोरखपुरी यांनी ती समृद्ध केली. उर्दूत जिथे 'नहीं, बल्कि' म्हणाल, तिथे हा शब्द बसतो. नुसता फरक दाखवायचा असेल तर 'इन कॉन्ट्रास्ट', म्हणजे आपले 'याउलट': मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, याउलट उर्दू उजवीकडून डावीकडे.

इथपर्यंत प्रश्न मार्कांचा झाला. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

मराठी व्याकरणात 'पण', 'परंतु' यांना न्यूनत्वबोधक म्हणतात, कारण पहिल्या वाक्यात काहीतरी उणे आहे असे ते सुचवतात. उर्दू व्याकरण 'लेकिन'ला हर्फ-ए-इस्तिदराक म्हणते, म्हणजे पहिल्या वाक्याने निर्माण होणारा समज दुरुस्त करणारा शब्द. आता हे वाक्य पाहा: 'ती मुसलमान आहे, पण मराठी छान बोलते.' इंग्रजीत 'बट' घालून लिहा, व्याकरणाची एकही चूक निघणार नाही. मग उणे काय आहे? दुरुस्त कोणता समज करायचा आहे? मुसलमानाला मराठी येत नसते, हा! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घुमला. तरीही 'मुसलमान असूनही तुमचं मराठी किती शुद्ध!' ही शाबासकी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेष नसतो. त्याचा समज त्या 'असूनही'मध्ये बसलेला असतो आणि त्याला तो दिसत नाही.

आपणही काही कमी नाही. 'मुलगी आहे, पण हुशार आहे.' 'मदरशात शिकलाय, लेकिन हिसाब में तेज है.' ही वाक्ये आपल्याच घरांत, आपल्याच मोहल्ल्यात बोलली जातात. दुसऱ्याचा 'पण' टोचतो, तेव्हा स्वतःचाही तपासायला हवा.

म्हणून मी वर्गात एकच कसोटी देतो. 'पण', 'लेकिन', 'बट', काहीही लिहा. आधी विचारा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत असे मला खरोखर म्हणायचे आहे का? तसे नसेल तर तिथे 'आणि' लिहा. 'ती मुसलमान आहे आणि मराठी छान बोलते.' शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे की निबंध तपासताना 'बट'च्या स्पेलिंगबरोबर त्याच्या आधी काय लिहिले आहे आणि नंतर काय, तेही पाहावे.