आकाशांतलें भाड्याचें गलबत

पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव आमच्या बहुतेक वाचकांस पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें किंवा नारायणमहाराजांच्या बेटामुळें ठाऊक असेल. मध्यंतरीं तेथील एका स्नेह्यांच्या घरीं आमचा मुक्काम होता. रात्रीचीं जेवणें आटोपून सारें कुटुंब गच्चीवर बसलें असतां एक तेजस्वी ठिपका पश्चिमेकडून निघाला आणि कोठेंही न अडखळतां माथ्यावरून ईशान्येस निघून गेला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवानें तत्काळ सांगितलें, "आजी, तो तारा नव्हे, कृत्रिम उपग्रह आहे." आजीबाईंनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "असेल बापडा. पण आहे कोणाचा? सरकारचा, कीं एखाद्या सावकाराचा?" नातू निरुत्तर झाला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही झालों. प्रश्न तेव्हां गमतीचा वाटला; पुढें मात्र तो मनांतून जाईना.

केडगांवाहून गाडीनें थोडें पूर्वेस गेलें कीं दौंड जंक्शन लागतें. तेथें ज्यांनीं गाडीची वाट पाहत तास काढले असतील, त्यांनीं शंटिंगचें इंजिन पाहिलें असेलच. मेल गाडी आपल्या रुळावरून येते आणि जाते. हें इंजिन मात्र या रुळावरून त्या रुळावर जातें, उभ्या डब्यास भिडतें, त्यास ओढून दुसरीकडे नेऊन सोडतें. कालपर्यंतचे उपग्रह या मेल गाड्या होत्या. आतां आकाशांत शंटिंगचीं इंजिनें आलीं आहेत; त्यांतलीं कित्येक व्यापारी कंपन्यांच्या मालकीचीं असून तीं सैन्याच्या कामास मिळूं लागलीं आहेत.

हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. उपग्रहास एकदां वेग देऊन सोडला म्हणजे पृथ्वीच्या आकर्षणानें आंखून दिलेल्या मार्गानें तो निमूटपणें फिरत राहतो. फिरण्यास इंधन लागत नाहीं. इंधन लागतें तें मार्ग बदलावयास. पांचशें किलोमीटर उंचीवर त्याचा वेग सेकंदास सुमारें ७.६ किलोमीटर असतो. त्याच्या कक्षेचा कल नुसता एक अंशानें वळवावयाचा म्हटलें तरी सेकंदास सुमारें १३० मीटर इतका वेगांत फरक करावा लागतो. शिवाय तेथील रीतही उफराटी. पुढें चाललेल्या यानास गांठावयाचें तर आधीं आपला वेग कमी करावा लागतो. म्हणजे आपण खालच्या कक्षेंत उतरतों, तेथें वाट जवळची आणि चाल अधिक, आणि मग आपण त्याच्यापुढें सरकतों. हें गणित बिनचूक सोडवून दुसऱ्याच्या शेजारीं अलगद जाऊन उभें राहणें ही खरी विद्या होय.

ही विद्या व्यापाऱ्यांनीं हस्तगत केली आहे. २५ फेब्रुवारी २०२० रोजीं नॉर्थ्रॉप ग्रुमन या अमेरिकन कंपनीचें एक यान, इंधन संपत आलेल्या इंटेलसॅट-९०१ या उपग्रहास सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर जाऊन चिकटलें आणि त्यास पुन्हां कामावर आणलें. एप्रिल २०२१ मध्यें दुसऱ्या यानानें तोच पराक्रम केला. वृद्ध उपग्रहास आयुष्य देणारें हें काम परोपकाराचें खरें. परंतु सुज्ञांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, जो हात मित्रास सांवरूं शकतो तोच शत्रूस धरूंही शकतो.

सैन्यानें हें ओळखण्यास विलंब लावला नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें अमेरिकेच्या अंतराळदळानें हुकूम सोडतांच अवघ्या २७ तासांत खाजगी कंपनीनें बांधलेला उपग्रह खाजगी कंपनीच्याच रॉकेटवरून वर गेला. पूर्वीं अशा तयारीस कित्येक महिने लागत. त्यापुढची पायरी म्हणून एका खाजगी यानानें दुसऱ्याचा कक्षेंत माग काढावा, जवळ जाऊन त्याची पाहणी करावी, अशा तालमीचीं कंत्राटें एप्रिल २०२४ मध्यें रॉकेट लॅब व ट्रू ॲनॉमली या दोन कंपन्यांस मिळालीं.

आपला देशही या वाटेवर मागें नाहीं. ३० डिसेंबर २०२४ रोजीं सोडलेलीं, प्रत्येकीं सुमारें २२० किलो वजनाचीं आपलीं दोन यानें १६ जानेवारी २०२५ रोजीं अंतराळांत एकमेकांस जोडलीं गेलीं. हें साधणारा भारत हा चौथा देश. आणि त्या यानांची जुळणी अनंत टेक्नॉलॉजीज या खाजगी कंपनीनें बंगळूर येथें केली होती. जानेवारी २०२४ मध्यें बेलाट्रिक्स या बंगळूरच्या कंपनीनें संरक्षण संशोधन संस्थेच्या निधींतून बनविलेलें, लहान उपग्रहांची कक्षा सांभाळणारें इंजिन आकाशांत यशस्वी ठरलें. ऑक्टोबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ५२ टेहळणी उपग्रहांची योजना मान्य केली. त्यांपैकीं ३१ खाजगी कंपन्यांनीं बांधावयाचे आहेत. महाराष्ट्राचा हातही यांत जुना आहे. आमच्याच जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरांत, साखर कारखान्यांचीं यंत्रें घडविणाऱ्या उद्योगानें पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटारींचीं कवचें घडविलीं; विक्रोळीस गोदरेजच्या कारखान्यांत त्याच रॉकेटचीं विकास इंजिनें तयार झालीं. याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं?

परंतु येथें एक भेद आहे, आणि तो सांगण्यासाठींच हा लेखप्रपंच. गलबत बांधून घेणें वेगळें, आणि गलबताचें सुकाणू दुसऱ्याच्या हातीं देणें वेगळें. वालचंदनगरानें कवच घडवून दिलें. रॉकेट कोठें जावें हें ठरविलें सरकारनें. उद्यां जीं यानें भाड्यानें येतील, त्यांचें यंत्र, त्यांचा चालक आणि त्यांच्या किल्ल्या या तिन्ही गोष्टी कंपनीच्याच कचेरींत असतील.

या भेदाचा धडा मराठी माणसास बाहेरून शिकावयास नको. कान्होजी आंग्रे हयात होते तोंवर कोंकणच्या समुद्रांत व्यापारी गलबतास त्यांचा दस्तक घ्यावा लागे, आणि मुंबईच्या इंग्रज कंपनीस ती गोष्ट सदैव खुपत असे. पुढें तुळाजी आंग्रे व पेशवे यांचें बिनसलें. त्यांत तुळाजीची चूक नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यास नमविण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांच्या आरमाराची मदत घेतली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. हातीं आलेला किल्लाही इंग्रजांनीं लगेच पेशव्यांच्या स्वाधीन केला नाहीं. काम फत्ते झालें, समुद्र मात्र गेला. आणि ज्याचा समुद्र गेला त्याची भूमि किती दिवस राहिली, तें आपण जाणतोंच.

कोणी म्हणेल, हीं जुनीं दुखणीं कशास उकरतां? तर नवा दाखला घ्यावा. युक्रेनच्या युद्धांत तेथील सैन्याचें दळणवळण एका अमेरिकन कंपनीच्या उपग्रहांवर मोठ्या प्रमाणांत अवलंबून राहिलें. क्रिमियाजवळ ती सेवा चालू करावी ही युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाहीं, असें त्या कंपनीच्या मालकानें २०२३ मध्यें स्वतःच सांगितलें. त्याचा निर्णय बरा कीं वाईट, हा वाद येथें करीत नाहीं. एका राष्ट्राच्या चढाईचा प्रश्न एका गृहस्थाच्या होकार-नकारावर येऊन ठेपला, एवढेंच पुरेसें आहे. दुसऱ्या बाजूनें, व्यापारी उपग्रह युद्धास मदत करतील तर त्यांवर प्रतिप्रहार करणें न्याय्य होईल, असें रशियाच्या प्रतिनिधीनें २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघांत बजाविलें. म्हणजे ज्या उपग्रहावरून सकाळीं बँकेचा व्यवहार आणि दुपारीं पावसाचा अंदाज येतो, तोच रात्रीं सैन्याचें काम करूं लागला तर शत्रूनें त्यास व्यापारी समजावें कीं शिपाई? त्याची झळ केडगांवच्या ऊंसवाल्यासही लागेल.

१९६७ च्या अंतराळ करारानें एक गोष्ट स्पष्ट केली आहे: खाजगी कंपनीनें अंतराळांत जें कांहीं केलें त्याची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर पडते. जबाबदारी आपली असेल तर अधिकारही आपला असावा, हा साधा घरगुती न्याय आहे. २०२३ सालीं आपल्या सरकारनें अंतराळनीति जाहीर केली, हें योग्यच झालें. परंतु नीति म्हणजे कायदा नव्हे. संकटकाळीं यानाच्या किल्ल्या कोणाच्या हातीं जातील, हें युद्ध पेटल्यावर नव्हे, आजच कायद्यांत लिहिलेलें असावें. तसेंच ज्या यानांवर सामान्य प्रजेचा योगक्षेम अवलंबून आहे, त्यांवर सैन्याचा भार शक्य तों टाकूं नये.

खाजगी उद्योगास आमचा विरोध नाहीं. सर्व कांहीं सरकारनेंच करावें म्हटलें तर दहा वर्षांचें काम तीस वर्षांतही होणार नाहीं, आणि आमच्या वाचकांच्या घरचीं अनेक मुलें-मुली अशाच कंपन्यांत विद्या आणि अन्न दोन्ही मिळवीत आहेत. त्यांनीं तीं खुशाल मिळवावीं. फक्त सुटींत घरीं आलीं म्हणजे वडील माणसांनीं त्यांस पगाराबरोबर एवढेंही विचारावें कीं, बाळांनो, तुम्ही घडवितां त्या गलबताचें सुकाणू कोणाच्या हातीं आहे?

केडगांवच्या आजीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. कक्षा, वेग, इंधन यांतलें त्यांस कांहीं ठाऊक नाहीं. परंतु परक्याचें जनावर दावें सोडून अंगणांत आलें तर तें किती देखणें आहे हें पाहण्याच्या आधीं तें कोणाचें आहे हें विचारावें, एवढें त्यांस पक्कें ठाऊक आहे.