गॅलरीतली कोथिंबीर आणि बाजारातली मेथी

गेल्या महिन्यात ओपीडीत एक ताई आल्या. हिमोग्लोबिन 8.1. तीन महिन्यांपूर्वी ते 8.4 होतं आणि मी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. वाढायच्या ऐवजी उतरलं कसं, असं विचारल्यावर सोबतचे यजमान खुशीत म्हणाले, "गोळ्या बंद केल्या डॉक्टर. हिला पोट साफ होत नव्हतं. आता गॅलरीतच मेथी-पालक लावलाय. घरचं, बिनफवारणीचं!" मोबाइलवर फोटो दाखवले. कुंड्या खरंच छान होत्या.

तरी त्यांचा हिरमोड करावा लागला. प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण 29 मिलिग्रॅम लोह लागतं. 100 ग्रॅम मेथीत ते 5-6 मिलिग्रॅम असतं आणि पालेभाजीतल्या लोहातला थोडाच भाग आपलं शरीर शोषून घेतं. वर लिंबू पिळलं तर जरा जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आमच्या घरी हातभर लांबीचा ट्रे आहे. त्यातली मेथी कापली की चौघांची एका वेळची भाजी जेमतेम होते, आणि मग तीन-चार आठवडे थांबायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली दिलेल्या सल्ल्यानुसार माणशी रोज 400 ग्रॅम भाज्या हव्यात, त्यात 100 ग्रॅम पालेभाजी. चौघांच्या घराला महिन्याला 12 किलो पालेभाजी झाली. त्याला गॅलरी पुरत नाही, वाफे लागतात.

महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे (2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा). त्यामुळे "कुंडीतून हिमोग्लोबिन" असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरला की मला धास्ती वाटते. गोळीनं पोट बिघडत असेल तर सांगा, गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. परस्पर बंद करू नका.

मग कुंड्यांच्या विरोधात आहे का मी? अजिबात नाही. फक्त कुंडीत काय लावायचं, याबद्दल माझं मत वेगळं आहे. जे शिजवून खाता ते बाजारातून आणा. जे कच्चं खाता ते कुंडीत लावा.

कारण आपल्याच नदीत आहे. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा येते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे दौंडला येते. या पाण्यावर शेती होते. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला दुसरं पाणी कुठलं? पण मैल्याचं पाणी जिथं पिकाला लागतं तिथं पानांवर टायफॉइड, कावीळ, आमांश यांचे जंतू येऊ शकतात. त्याहून चोरटा शत्रू म्हणजे पट्टकृमी, डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणारा लांबलचक जंत. ज्याच्या पोटात तो आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती अंडी कोथिंबिरीबरोबर आपल्या पोटात गेली तर त्यातून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन गाठी करतात आणि धडधाकट माणसाला एक दिवस फिट येते. "आम्ही माळकरी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग डुकराचा जंत कसा?" हा प्रश्न मी ऐकलेला आहे. उत्तर हेच. मटण न खाणाऱ्यालाही तो कोशिंबिरीतून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार हा जंत जिथं मुरलेला आहे अशा अनेक भागांत फिटच्या 100 पैकी 30 रुग्णांमागे तोच असतो.

भाजी शिजली की ही अंडी मरतात. मेथी, पालक, चुका यांची म्हणून मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती पोह्यांवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीची, पुदिन्याच्या चटणीची, पातीच्या कांद्याची. वाहत्या पाण्यात पानं चोळून धुतली तर बरंच काही निघून जातं, सगळं जातंच असं नाही. मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवून अंडी मरतील या भरवशावर राहू नका.

आणि ही तीन-चार पिकंच अशी आहेत की गॅलरीत पुरेशी येतात. रोजची चिमूटभर कोथिंबीर चार कुंड्यांतून निघते. धणे चपलेनं रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, आठवड्या-दहा दिवसांत उगवतात. दर पंधरवड्याला एक कुंडी पेरली की तुटवडा पडत नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात मात्र हट्ट करू नका, तेव्हा पुदिना सांभाळा, तोही सावलीत. जुडीतल्या चार काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात. माती वजनदार होते म्हणून मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाचं चिपाड वापरून भाज्या घेतल्या होत्या. आपल्याकडे रसवंतीवाला चिपाड फुकट देईल. ते कुजवून वापरा. ताजं शेण नको, आंघोळीचं पाणी नको, नाहीतर नदीतली घाण टाळून घरची आणल्यासारखं होईल. रंगाचे किंवा औषधफवारणीचे जुने डबेही नकोत.

आता माझी अट. पावसाळ्यात डेंग्यूचा पेशंट आला की मी घरातल्या पाण्याची चौकशी करतो. टाकी झाकलेली असते, पिंप झाकलेलं असतं, आणि कुंडीखालच्या ताटलीकडे कुणाचंच लक्ष नसतं. डेंग्यूच्या डासाला असंच थोडं, स्वच्छ, साचलेलं पाणी आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडी कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटली काथ्यानं घासायची. हे जमणार नसेल तर ताटलीत वाळू भरा, किंवा कुंडीच लावू नका.

त्या ताईंना दुसरी गोळी दिली आहे, रात्री जेवणानंतर घ्यायची. यजमानांनी मेथीची एक कुंडी मोकळी करून त्यात धणे पेरलेत. ताटल्यांचा फोटो अजून आलेला नाही, मागितला आहे.