पॅरिसमधली पहिली सुटी

आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी पॅरिसला शिकायला गेली, तर पहिल्या शनिवार-रविवारी ती शहर बघायला निघणारच. निघावेच. पण घरून गेलेला पैसा जपायचा असतो, म्हणून या चार गोष्टी पत्रातून कळवून ठेवा.

१८८९ साली बांधलेला आयफेल मनोरा ३३० मीटर उंच आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांचे तिकीट लिफ्टहून स्वस्त. गड चढलेल्या पोरांना त्याचे काय एवढे! लूव्र संग्रहालयात तिथे राहण्याचा परवाना असलेल्या २६ वर्षांखालच्यांना फुकट प्रवेश असतो. कागद मात्र जवळ हवेत.

नोत्र दाम चर्चला मात्र घाई करू नये. त्याच्या छपराला ओकच्या इतक्या तुळया होत्या, की लोक त्याला ‘रान’च म्हणत. १५ एप्रिल २०१९ रोजी हे सातआठशे वर्षांचे लाकूड जळाले. मग फ्रान्सभरच्या रानांतून हजाराहून जास्त ओक आणले, आणि सुतारांनी बऱ्याच तुळया जुन्या रीतीने कुऱ्हाडीने तासल्या. डिसेंबर २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली. आत जायला पैसे पडत नाहीत. ते लाकूड खालून दिसत नाही, दगडी छताच्या वर आहे. पण ठाऊक असले म्हणजे मान आपोआप वर जाते.

रविवारी सकाळी बास्तीयचा बाजार भरतो. तिथे कांद्याचा भाव विचारून घरी कळवायला सांगा.