आज्ञावली लिहिणारा नागरिक

पुण्याच्या हिंजवडीत, नवी मुंबईच्या ऐरोलीत किंवा बंगळुरूच्या एखाद्या बहुमजली इमारतीत काम करणारा संगणक अभियंता आज सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाचा आदर्श होऊन बसला आहे. त्याची अभिरुची एकांगी आहे, असा आरोप न्याय्य ठरणार नाही. नव्या यंत्रविद्येबद्दल त्याला कुतूहल असते. रुपयाचा दर, व्याजाचे दर आणि अमेरिकेतील मंदी यांवर तो जाणकारीने बोलतो, कारण त्याची नोकरीच त्यांच्याशी बांधलेली असते. निवडणुका जवळ आल्या की त्याच्या राजकीय मतांनाही धार चढते. अडचण वेगळीच आहे. तंत्रज्ञान हा व्यवसाय, अर्थकारण ही चिंता आणि राजकारण हा फावल्या वेळेचा वाद, अशी त्याने मनाची वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी खोटी आहे आणि तिची किंमत बहुधा दुसऱ्यांना मोजावी लागते.

त्याच्या व्यवसायाचा इतिहासच या वाटणीच्या विरुद्ध साक्ष देतो. आपला धंदा सरकारच्या मदतीवाचून, केवळ गुणवत्तेवर उभा राहिला, अशी या वर्गाची आवडती समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आलेला संगणक सार्वजनिक संस्थेत आला आणि त्यावर शिकलेल्या पहिल्या पिढीच्या शिक्षणाचा भार बव्हंशी करदात्याने उचलला. १९७३ साली अंधेरीला ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले, ते सरकारी निर्णयाने. त्याच वर्षीच्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाची अट मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ साली देशातील आपला कारभार आवरला. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने संगणक धोरण सैल केले. १९९१ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्याच वर्षी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. यांतला प्रत्येक टप्पा राजकीय होता. या अभियंत्याचा पगार बाजार ठरवतो हे खरे. पण तो बाजार कोणत्या अटींवर भरेल, हे दिल्लीत ठरले होते.

तथापि, राजकारणाने या व्यवसायाला घडविले ही निम्मी हकीकत झाली. हा व्यवसाय स्वतःच राजकारण घडवितो, ही उरलेली निम्मी अधिक महत्त्वाची आहे. आज्ञावली म्हणजे अखेर नियमांची मालिका: अमुक असेल तर तमुक करावे, नसेल तर अर्ज फेटाळावा. कायदा विधिमंडळात होतो, पण शिधावाटप दुकानाच्या दारात किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात नागरिकाला भेटतो तो आज्ञावलीचे रूप घेऊन. पूर्वी या ठिकाणी कारकून बसत असे. तो नियमांचा दास असला तरी समोरच्या वृद्धेचा चेहरा त्याला दिसत असे आणि फाईलवर दोन ओळींचा शेरा मारण्याची सोय त्याला होती. आज त्याच खुर्चीतला कारकून पडद्याकडे बोट दाखवून म्हणतो, “सिस्टीम घेत नाही.” या तीन शब्दांपुढे अर्जदार निरुत्तर होतो आणि कारकूनही. नियम कोणी केला, कोणाला विचारून केला आणि तो चुकला असेल तर दाद कोठे मागायची, याचे उत्तर त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना कोणालाच ठाऊक नसते.

याचा अर्थ जुन्या कारकुनाचे राज्य परत आणावे असा नाही. त्याच्या शेऱ्यात दया होती, तशी लाचही होती. रेल्वे आरक्षण संगणकावर गेल्याने दूरच्या स्थानकाचे तिकीट गावात मिळू लागले आणि सातबाराचा उतारा पडद्यावर आल्याने तलाठ्याच्या घराच्या खेपा कमी झाल्या, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न यंत्र असावे की नसावे, हा नाही. यंत्र चुकते तेव्हा कोणाचे ऐकायचे, हा आहे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जवळून आहे. आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाला. ज्याच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही त्याला ओळख द्यावी, हा हेतू स्तुत्यच होता. पण शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्राला असा अंगठा पटत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांपुरता आधारचा कायदा बहुमताने वैध ठरविला, तेव्हा ओळख पटविण्यात यंत्र अपयशी ठरले म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, हेही त्या निकालात नमूद झाले. न्यायालयाचे हे वाक्य दुकानातल्या यंत्रापर्यंत पोहोचवायचे तर ते आज्ञावलीतही कोणीतरी लिहावे लागते. ते लिहिले गेले नाही, तर निकाल कागदावर राहतो आणि माणूस धान्यावाचून परत जातो.

यंत्रावरील अंधविश्वास कोठवर नेऊ शकतो, याचा धडा ब्रिटनच्या टपाल खात्याने जगापुढे ठेवला आहे. तेथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक प्रणाली टपाल कचेऱ्यांतून बसविण्यात आली. तिच्यातील दोषांमुळे अनेक सब-पोस्टमास्तरांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. करारानुसार ती तूट त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावयाची होती. ज्यांनी तक्रार केली त्यांच्यापैकी कित्येकांना, अशी अडचण फक्त तुम्हालाच येते, असे सांगण्यात आले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसे अफरातफर, चोरी किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपाखाली दोषी ठरली. काहींनी तुरुंग पाहिला, काहींनी घरे विकली, काहींनी जीवनच संपविले. संगणकाचा पुरावा देणाऱ्याने यंत्र नीट चालत असल्याचे दाखवावे, ही अट इंग्लंडने १९९९ च्याच एका कायद्याने काढून टाकली होती. त्यामुळे यंत्र बिनचूक आणि माणूस चोर, हे गृहीत धरणे न्यायालयांना सोपे झाले. ॲलन बेट्स आणि त्यांच्यासह ५५५ जणांनी दावा लढविला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांवर शिक्कामोर्तब केले. सरसकट निर्दोषत्वासाठी संसदेला २०२४ साली कायदा करावा लागला.

या प्रकरणात अपराध एकट्या अभियंत्यांचा नव्हता. खात्याचे अधिकारी, वकील आणि मंत्री यांचा वाटा मोठा होता. परंतु प्रणालीत दोष आहेत आणि दूर बसून खात्यांच्या नोंदी बदलता येतात, हे ती तयार करणाऱ्या कंपनीत ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते वेळीच आणि मोठ्याने सांगितले असते, तर कित्येक संसार वाचले असते. तांत्रिक मौनाचे इतके भयंकर राजकीय परिणाम क्वचितच दिसले असतील.

यावर ठरलेला आक्षेप असा की अभियंता हा पगारी नोकर आहे; जे सांगितले जाईल ते तो करतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण डोक्यावर असलेल्या माणसाकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे सोपे असते. पण हुकुमाची सबब न्यायालयात नेहमी टिकत नाही, हेही दिसून आले आहे. फोक्सवॅगन कंपनीच्या मोटारींमध्ये धुराची तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली बसविल्याचे २०१५ साली उघड झाले. त्या प्रकरणात २०१७ साली अमेरिकन न्यायालयाने कंपनीच्या एका अभियंत्याला ४० महिन्यांची कैद सुनावली. याउलट १९८५ साली डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने, अंतराळातून क्षेपणास्त्रे अडविण्याच्या अमेरिकी योजनेची आज्ञावली कधीच विश्वासार्ह होऊ शकणार नाही असे स्पष्ट सांगून, सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. त्यांचा निष्कर्ष तांत्रिक होता, पण तो जाहीरपणे मांडणे हे नागरिकाचे कृत्य होते.

प्रत्येकाला पार्नास होता येणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. नियम लिहिताना अपवादाची वाट ठेवणे, अर्ज फेटाळला तर त्याचे कारण साध्या मराठीत पडद्यावर येईल असे पाहणे, माणसाच्या सहीने यंत्राचा निर्णय फिरविता येईल अशी सोय करणे आणि दोष आढळला तर तो लेखी नोंदविणे, ही कामे अभियंत्याच्या आवाक्यातली आहेत. सरकारनेही अशा नोंदी करणाऱ्याला संरक्षण दिले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानुसार संगणकीय नोंदीच्या प्रमाणपत्रावर यंत्राची जबाबदारी असणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. ही सही करणारा पुष्कळदा संगणकाचा जाणकारच असणार. आपण कशाची ग्वाही देत आहोत, हे त्याला अभियांत्रिकी महाविद्यालयात कोणी शिकविले आहे काय? तेथे अर्थशास्त्र आणि कायदा हे विषय गुणांची बेरीज वाढविण्यापुरते उरले असतील, तर दोष विद्यार्थ्यांचा नाही.

बँकांत १९८० च्या दशकात संगणक येऊ लागले तेव्हा कारकुनांच्या संघटनांनी प्रश्न विचारले होते: माणसे किती कमी होणार, यंत्र कोण चालविणार, नफा कोणाचा? त्यांची सगळी भीती खरी ठरली नाही आणि प्रगतीचे शत्रू म्हणून त्यांची हेटाळणी झाली. पण यंत्राला प्रश्न विचारावयाचे असतात, ही त्यांची जाणीव शहाणपणाची होती. आज ती जाणीव यंत्र घडविणाऱ्याच्या अंगी येण्याची गरज आहे. प्रणाली कोठे अडते, हे खिडकीतल्या कारकुनाला आणि विद्यार्थ्यांची माहिती भरत बसलेल्या शिक्षकाला सर्वांत आधी कळते. त्यांचे म्हणणे अभियंत्यापर्यंत जाण्याची वाट मात्र कोणीच बांधलेली नाही. ती वाट बांधणे, हेच या अभियंत्याचे पहिले राजकीय कार्य ठरेल. अर्थसंकल्पावर आणि निवडणुकांवर त्याने जरूर बोलावे. पण त्याच्या हातून रोज जे मत नोंदविले जाते ते आज्ञावलीत, आणि ते पाच वर्षांनी बदलण्याची सोय कोणत्याही मतदाराला नाही.