पेंढा, चिपाड आणि उत्प्रेरक

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. त्याच पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी, जागतिक जैवइंधन दिनाचे औचित्य साधून, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आला. नऊशे कोटींहून अधिक खर्च, वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे उद्दिष्ट. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. ज्या पेंढ्याच्या धुराने दिल्लीकरांचा श्वास कोंडतो, त्याला मोल येणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र पेंढा आणि इथेनॉल यांच्यामध्ये जे उभे असते, त्या उत्प्रेरकाविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते.

वनस्पतीचा देह सहजासहजी मोडू नये, अशीच निसर्गाने त्याची रचना केली आहे. सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांना लिग्निन जखडून ठेवते. ही गाठ सोडविण्यासाठी आम्ल लागते, विकरे लागतात. विकर हाही निसर्गाचा उत्प्रेरकच. पुढची अडचण प्राणवायूची. खनिज तेलात तो जवळजवळ नसतो, तर काडीकचऱ्यात वजनाच्या सुमारे चाळीस टक्के. तो काढावा, पण कर्ब वाया जाऊ नये, ही उत्प्रेरकाची खरी परीक्षा. तेलशुद्धीकरणासाठी घडविलेला झिओलाइट येथे काजळी धरून लवकर निकामी होतो. राख आणि पाणी त्याचे आणखी दोन वैरी.

तरीही हे अशक्य नाही. अमेरिकेतील क्वेकर ओट्स या न्याहारीचे धान्य विकणाऱ्या कंपनीने १९२२ मध्ये ओटच्या टरफलांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून फरफ्युराल हे रसायन बाजारात आणले. आज मक्याच्या बुरकुंडांतून तेच काढण्यात चीन आघाडीवर आहे. आपल्याकडेही परंपरा नाही असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात एन्सिलाइट हा झिओलाइट घडविला. उत्तराखंडातील काशीपूर येथे तर मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापासून ग्लायकोल बनते. पॉलिएस्टरचा धागा उसापर्यंत पोहोचतो, हे किती ग्राहकांना ठाऊक असेल?

शंभर किलो उसातून सुमारे तीस किलो ओले चिपाड निघते. महाराष्ट्रातील कारखाने ते मुख्यतः बॉयलरमध्ये जाळतात. त्यात गैर काही नाही. कारखान्याची वाफ आणि वीज त्यावरच निघते. पण चांगल्या बॉयलरने जे चिपाड वाचते, त्याचे पुढे काय, हा प्रश्न संचालक मंडळांच्या बैठकांत यायला हवा. उत्प्रेरक आणि विकरे बाहेरूनच आणायची ठरली, तर आखाती तेलाचे अवलंबन जाऊन परदेशी पेटंटांचे येईल. यास स्वावलंबन म्हणणे धाडसाचे ठरेल.

शेतकऱ्याची बाजूही विसरून चालणार नाही. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत त्याच्या हाती मोजके दिवस असतात. पेंढा हलका आणि आकाराने मोठा. त्याचे गठ्ठे बांधण्याचा आणि वाहतुकीचा खर्च निघाला नाही, तर तो काडीच लावणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेतील ग्रॅमभर उत्प्रेरक टनावारी पेंढ्यासमोर टिकतो की नाही, हे छोट्या प्रायोगिक संयंत्रातच कळते. असे एक संयंत्र काही सहकारी साखर कारखान्यांनी मिळून उभारावे आणि एका हंगामाचे वाचलेले चिपाड पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या हवाली करावे. येत्या गळीत हंगामाआधी हा ठराव होऊ शकतो.