कच्चा लिंबू की भिडू?

मुलांनो,

लपंडाव रंगात आला की कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागतो, “मलाही घ्या ना!” मग आपण मोठेपणाने म्हणतो, “बरं, तू कच्चा लिंबू.” कच्चा लिंबू धावतो, लपतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे तो खेळात असतो आणि नसतोही. दोन दिवसांत हे त्याच्या लक्षात येतं आणि तो हिरमुसून घरी जातो.

आज तुम्हाला एका मोठ्या खेळाबद्दल सांगणार आहे. त्यात हजारो भिडू आहेत आणि सतत नवे येत असतात.

संगणक चालतो तो माणसांनी लिहिलेल्या सूचनांवर. या सूचनांना ‘सोर्स कोड’ म्हणतात. हलवाई आपल्या खास मिठाईची कृती कुणाला सांगत नाही ना, तशाच पुष्कळ कंपन्या या सूचना कुलूपबंद ठेवतात. काही जण मात्र कृती खुली ठेवतात. कुणीही वाचावी, करून पाहावी, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. याला म्हणतात ‘ओपन सोर्स’.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा मुलगा शिकत होता. संगणकाची सगळी कामं सांभाळणारी एक प्रणाली तो हौसेखातर लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने संगणकाच्या जाळ्यावरून ही बातमी इतरांना कळवली आणि विचारलं, की तुम्हाला तिच्यात काय काय असावंसं वाटतं? ‘माझं कौतुक करा’ असं नाही हं, ‘तुम्हाला काय हवं?’ असं! लोकांनी सांगितलं, मग स्वतः लिहूनही पाठवलं. त्यातून ‘लिनक्स’ वाढलं. तुमच्या घरी अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सच आहे.

बाहेरून आलेल्या दुरुस्तीला तिथे ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ. आलेलं प्रत्येक ठिगळ लावत नाहीत बरं का! जाणती माणसं ते तपासतात आणि चुकलं असेल तर परत पाठवतात. ते योग्यच आहे. पण परत कसं पाठवायचं? लिनसची जीभ तिखट. चुकीबद्दल बोलता बोलता तो माणसालाच वाट्टेल ते बोलून जाई. लोक दुखावत. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने सर्वांसमोर लिहून माफी मागितली, काही आठवडे काम थांबवलं आणि मग परतला. एवढा मोठा माणूस, पण माफी मागताना कचरला नाही. त्याच सुमारास लिनक्सवाल्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याचे नियमही स्वीकारले. चुकीची ठिगळं मात्र आजही परतच जातात!

म्हणजे खेकसायचं नाही आणि नुसते लाडही करायचे नाहीत. मग नव्या भिडूला आत घ्यायचं कसं?

ओपन सोर्समध्ये यावर एक छान युक्ती आहे. जुने लोक काही सोपी कामं मुद्दाम नव्यांसाठी राखून ठेवतात आणि त्यांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे ‘पहिल्यांदा करायला चांगलं काम’, अशी चिठ्ठी लावतात. एखादा चुकलेला शब्द सुधारायचा, एखादी सूचना सोपी करून लिहायची. जुना माणूस ते पाच मिनिटांत उरकेल, तरीही हात आवरतो. काम लहान, पण खरं. ते स्वीकारलं गेलं की सगळ्यांच्या उपयोगी पडतं आणि कुणी केलं त्याची नोंदही राहते. २०१० ते २०१९ या काळात गूगलने १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ‘कोड-इन’ ही स्पर्धा घेतली, तीही अशाच छोट्या पण खऱ्या कामांची होती.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. आमच्या चौथीच्या वर्गाचं हस्तलिखित चाललं होतं, तेव्हा एक मुलगी नव्याने शाळेत आली. मी प्रेमाने म्हटलं, “तू नुसतं बघ हं, हळूहळू सवय होईल.” तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “बाई, नावांच्या यादीत माझं नाव येणार का?” मी गप्पच झाले. मी तिला कच्चा लिंबू केलं होतं!

मग तिला पानांना आकडे घालायचं काम दिलं. तिने अकराच्या पुढे थेट तेरा घातला. मुलं हसायच्या बेतात होती. मी म्हटलं, “दहापासून पुन्हा मोजून बघ.” तिने मोजलं, चूक सुधारली आणि मोजता मोजता म्हणाली, “बाई, या कवितेखाली कवीचं नावच नाही!” आम्ही सगळ्यांनी ते पान दहा वेळा पाहिलं होतं. आमच्या डोळ्यांना सवय झाली होती, तिचे डोळे नवे होते.

पालकांनो, स्वयंपाकघरात मुलं लुडबुडतात तेव्हा “तू राहू दे, सांडशील” असं म्हणण्याआधी जरा थांबाल का?

आणि मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या खेळातल्या कच्च्या लिंबावर एकदा खरंखुरं राज्य येऊ द्या. तो चुकला तर कसं करायचं ते दाखवा, पण त्याच्या जागी तुम्ही करू नका. काय झालं ते मला कळवाल ना?

तुमची,
बाई